पर्समधला चष्मा

लोणावळा, ११ सप्टेंबर २०२५

प्रिय रेणू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून देशील, असं धरूनच लिहिते आहे. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा शिकवायच्या, पत्रात आधी खुशाली विचारावी, मग काम लिहावं. खुशाली विचारायचा हक्क मी नऊ वर्षांपूर्वी सांगलीला, तुमच्या मांडवात घालवला. म्हणून थेट कामाचं लिहिते.

काम मुक्ताचं आहे. माझ्या ओंकारची मुलगी. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तुझ्या चष्म्याची काडी चघळत तुझ्या मांडीवर बसली होती. आता अकरा वर्षांची आहे. आपल्या आईचं नाव ठेवलं, पण स्वभाव आईचा नाही. आई कधी उलटून बोलली नाही, ही सरळ बोलतच नाही.

तिला चष्मा लागून तीन वर्षं झाली. आधी दीड नंबर होता, मग अडीच, आता पावणेचार. ओंकार बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. सारिका पुण्याला बँकेत, सकाळीच गाडी धरते. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मुक्ताला मीच नेते. डॉक्टर परवीन मुलाणी म्हणून आहेत, तरुण आहेत, शांत बोलतात. त्या म्हणाल्या, नंबर फार वेगानं वाढतोय, रात्री घालायचे लेन्स लावून बघता येतील.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. रात्री कशाला? झोपेत काय बघायचं असतं?

पण ते तसंच आहे. झोपताना कडक लेन्स डोळ्यांत घालायचे. ते रात्रभर बुबुळाला हलकेच दाबून सपाट करतात. सकाळी काढले की दिवसभर चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. मुलांमध्ये नंबर वाढण्याचा वेगही पुष्कळदा कमी होतो म्हणे. घालायचे सोडले की काही दिवसांत नजर पुन्हा होती तशी. तुला आठवतं, शाळेच्या स्कर्टच्या प्लेट्स आपण रात्री गादीखाली घालून झोपायचो? सकाळी कशा कडक असायच्या, आणि मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा चुरगळायच्या. अगदी तसं. डॉक्टरांना मी हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, "आजी, हे मी इतर पालकांना सांगू का?"

धोकाही सांगितला त्यांनी. स्वच्छता राखली नाही तर डोळ्याला जंतुसंसर्ग होतो, आणि तो साधा नसतो. लेन्सला नळाचं पाणी लागू द्यायचं नाही. हात धुऊन, कोरडे करून मगच शिवायचं. डोळा लाल झाला तर लेन्स बंद आणि लगेच दवाखाना.

सारिका म्हणते, "आई, सकाळी मी नसते. काढायचे-धुवायचे तुम्हालाच आहेत. तुम्हीच ठरवा." सासूवर एवढा विश्वास! मला रात्री झोप लागत नाही.

डॉक्टरांनी घराण्याचंही सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं.

तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद असतील तर त्यांच्या प्रती पाठवशील का? काही विशेष नाही, आपले माहितीला असावेत म्हणून.

ठरवायचं मला आहे. आणि माझं ठरवणं कुठं चुकतं, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुझी,
ताई (अजून म्हणत असलीस तर)

---

लोणावळा, १७ सप्टेंबर

प्रिय रेणू,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. तरी पोस्टमन गेल्यावर मी दोनदा पेटी उघडून बघितली.

काल मुक्ताला चाचणीसाठी नेलं होतं. दुपारी तिला दवाखान्यातल्या कॉटवर आडवं केलं, डोळ्यांत ते लेन्स घातले आणि तासभर डोळे मिटून ठेवायला सांगितले. घालताना तिनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. "टोचतंय का गं?" विचारलं तर म्हणे, "पापणीत वाटाणा आहे. पण मी सांगणार नाही, नाहीतर तू नको म्हणशील."

तास झाल्यावर लेन्स काढले. चष्मा ट्रेमध्ये तसाच. मुक्तानं फळ्यावरच्या ओळी वाचायला सुरुवात केली आणि खालून तिसऱ्या ओळीपर्यंत गेली. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि दवाखानाभर ऐकू जाईल असं ओरडली, "आजी, तुझ्या हनुवटीवर केस आहे!"

बाहेर येऊन रस्त्यावरच्या पाट्या वाचत सुटली. पायपुसणी, झेरॉक्स, गरम वडापाव. घरी पोहोचेतोवर पुन्हा सगळं धूसर झालं होतं, पण तिचा आनंद उतरला नाही. तिला लेन्स हवेत ते खो-खोसाठी. पाठलाग करताना चष्मा घसरतो, आणि आपल्या लोणावळ्याच्या धुक्यात तर काचेवर वाफ धरून तिला खांबच दिसत नाही. गेल्या महिन्यात ती खांब समजून बाईंना जाऊन धडकली. आता संघात राखीव बसवतात.

एवढं चांगलं झालं, तर मी खूश असायला हवी. पण मी कालपासून घरभर नुसती फिरते आहे. डबे पुसले, देव घासले, तेही दोनदा. रेणू, मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं.

दवाखान्यात एक फॉर्म भरायचा होता. त्यात विचारलं होतं, घराण्यात कुणाला मोठा नंबर, डोळ्याचा पडदा सुटणं, असं काही? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. माझ्या हातानं 'नाही'वर खूण केली. क्षणभरही थांबला नाही तो हात. डॉक्टरांनी तोंडी पुन्हा विचारलं, "जवळच्या नात्यात कुणी?" मी म्हटलं, "छे, आमच्यात कुणाला चष्मासुद्धा नव्हता."

तुझा नंबर नऊ होता. तुझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, हे मला दुसऱ्यांकडून कळून आठ वर्षं झाली.

आणि एक. गणपतीत आरतीनंतर सगळ्यांचा फोटो काढत होते. मी मुक्ताला म्हटलं, "फोटोपुरता काढ गं तो चष्मा, छान दिसशील." तिनं काढला. मी तो घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. चेन लावताना जो आवाज झाला तो मी पूर्वी एकदा ऐकला होता. तेव्हापासून तुला पत्र लिहायचं चाललं होतं.

शाळेत कॅथलिक मुली शुक्रवारी रांगेनं जाऊन पडद्याआड फादरना सगळं सांगून यायच्या आणि हलक्या होऊन लंगडी खेळायच्या. आपण दोघी व्हरांड्यात उभ्या राहून त्यांचा हेवा करायचो. तू म्हणायचीस, "ताई, आपल्याला कुणी नाही गं सांगायला." मी म्हणायचे, "आपण कुठं काय करतो?"

कागद पाठव, रेणू. माहितीला नकोत. डॉक्टरांना दाखवायला हवेत.

ताई

---

मळवली, २५ सप्टेंबर

प्रिय रेणू,

घरी बसवेना म्हणून पुढच्याच स्टेशनावर उतरून शालूबाईकडे आले आहे. आपल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये भांड्याला यायची तीच शालू. आता इथं एका बंगल्याची राखण करते. मालक महिन्यातून एकदा येतात, बाकी दिवस व्हरांडा तिचाच. भातं पोटरीला आली आहेत, वारा आला की हिरवा वास येतो.

तिनं चहा दिला आणि आधी तुझंच विचारलं.

"रेणूताई कुटं हायती?"

"सांगलीलाच."

"बोलता का?"

मी बशीत बघत बसले. मग मुक्ताचं सांगितलं, लेन्सचं, डॉक्टरांचं, चौकोनातल्या खुणेचं. ऐकता ऐकता ती पदर खोचून माझ्यासमोर येऊन बसली.

"म्हंजी पुन्ना तेच क्येलं तुमी?"

"पुन्हा म्हणजे?"

"सुहासताई, म्या हुते की तितं! मोरीत बसून कपबशा इसळत हुते. तुमी रेणूताईच्या नाकावरचा चष्मा काडला, पर्समधी टाकला आन् चेन लावली. आई पावलं मोजत हुत्या. सात पावलं, मग टेबल. आदल्या सांजंला कितींदा चालवली तिला, ट्रे घिऊन! दोन कप फोडलं तिनं. खापरं म्याच उचलली न्हवं का."

मला वाटायचं, हे फक्त आपल्या तिघींना ठाऊक आहे.

सात पावलं, रेणू. स्वयंपाकघराच्या दारापासून टेबलापर्यंत. तू एक थेंब न सांडता ट्रे ठेवलास, आणि समोरच्या खुर्च्यांकडे बघून हसलीस, कारण मी कानात सांगितलं होतं की मुलगा डावीकडे आहे. तो उजवीकडे होता. त्याच्या मामाकडे बघून हसलीस तू. सगळ्यांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. त्याच बैठकीत होकार आला. तू नंतर मला एकदाच म्हणाली होतीस, "अमृतचा चेहरा मी पहिल्यांदा लग्नाच्या फोटोत पाहिला." मी त्यावर हसले होते. मला ती गंमत वाटली होती.

लग्नानंतर आईनं बजावलं, रुळेपर्यंत चष्मा पेटीत ठेव. वीस दिवस तू त्या घरात भिंती चाचपत वावरलीस. एकविसाव्या दिवशी सासरे समजून वाण्याच्या माणसाच्या पाया पडलीस आणि सगळं उघडं पडलं. पोरीनं चष्मा लपवून फसवलं, असं ठरलं. पोरीनं. आईचं नाव नाही, माझं नाही. तू आमची नावं घेतली नाहीस.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी अमृतरावांची साठी. भरल्या मांडवात ते माईकवर म्हणाले, "आमच्या हिनं चष्मा लपवून मला गटवलं, पण संसार डोळसपणे केला हो!" सगळा मांडव हसला. तू हसली नाहीस. तू पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघितलंस. फक्त बघितलंस. मला एवढंच म्हणायचं होतं, अहो, तो मी काढला होता.

मी सगळ्यांबरोबर हसले.

हे लिहिताना शालूबाई शेजारी शेंगा निवडते आहे. मला म्हणाली, "पोरीच्या डोळ्यापायी जीव टांगणीला लागलाय, आन् भैनीच्या डोळ्याचं आट वरसांत ईचारलं न्हाई. लय शिकलेल्या तुमी."

तुझा डोळा कसा आहे, रेणू?

ताई

---

लोणावळा, ६ ऑक्टोबर

प्रिय रेणू,

कुरियर मिळालं. सदतीस पानं. इतकं सगळं झालं होतं तुला, आणि एवढ्या वेळा एकटी जाऊन आलीस तू. पान उलटलं की पुढची तारीख, पुढची तपासणी. सोबत पत्र नव्हतं. फक्त एक चिठ्ठी, जाड मार्करनं लिहिलेली, मोठमोठी अक्षरं. तुला आता तेवढी मोठी लिहावी लागतात, हे आधी डोळ्यांत भरलं, मग मजकूर.

"आधी डॉक्टर. मग मी."

तुझं हे असंच होतं. दोन वाक्यांत माझा आठवडा लावून दिलास.

शनिवारी गेले. मुक्ता शेजारच्या खुर्चीत होती, तिला बाहेर बसवावं असं मनात आलं, पण पुन्हा लपवालपवी नको म्हणून राहू दिलं. डॉक्टरांसमोर तुझी फाईल ठेवली आणि म्हटलं, "फॉर्मवर मी खोटं लिहिलं. ही माझी सख्खी बहीण."

त्यांनी पहिली काही पानं वाचली. चेहरा उतरला. "आजी, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो."

"का नाही लिहिलंत?"

मी म्हटलं, "सवय."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मुक्ताच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आणि मग बराच वेळ दिव्याखाली पडद्याच्या कडा बघत राहिल्या. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात शाळेतली प्रार्थना आली. एवढ्या वर्षांनी, इंग्रजीत.

डाव्या डोळ्यात, अगदी कडेला, पडदा एका जागी पातळ आहे. घाबरण्यासारखं नाही, आत्ता काही करायचंही नाही, पण दर सहा महिन्यांनी बाहुल्या मोठ्या करून बघायलाच हवं. डोळ्यापुढे अचानक ठिपके किंवा चमक दिसली तर त्याच दिवशी यायचं. लेन्स लावायला हरकत नाही, उलट नंबर जितका कमी वाढेल तितकं चांगलं. "पण एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "लेन्समुळे हिला चष्मा लागणार नाही. म्हणून डोळा बरा झाला असं नाही. आतला डोळा तोच आहे. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, आणि सगळ्यात आधी हिला."

तू कागद पाठवले नसतेस तर ती जागा कुणी शोधलीच नसती. आणि मी फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर तुला त्रासच द्यावा लागला नसता. दोन्ही गोष्टी मी उलटसुलट करून बघते, दोन्ही खऱ्याच निघतात.

परतताना पुण्याहूनच्या लोकलमध्ये मुक्तानं काळा चष्मा लावला होता, थेंबांमुळे. बेगडेवाडी स्टेशन गेल्यावर म्हणाली,

"रेणूआजीचा चष्मा तू काढला होतास?"

तिला कसं कळलं? डॉक्टरांना सांगताना मी बरंच जास्त सांगून गेले होते वाटतं.

"हो."

"म्हणजे तिला नवरा दिसलाच नाही?" आणि ती खो-खो हसायला लागली. मग हसू थांबलं. "मग तिनं हो कसं म्हटलं?"

"तिला विचारलं नव्हतं गं कुणी."

पुढची दोन स्टेशनं ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेरचं तिला काही दिसत नसणार. मग म्हणाली, "मी लेन्स लावणार. पण माझा चष्मा माझ्या दप्तरात राहणार. लाल डबीत. तुझ्या पर्समध्ये नाही."

मी हो म्हटलं. तिला म्हणे माझ्याकडून पिंकी प्रॉमिस हवं होतं, ते करंगळीत करंगळी घालून द्यावं लागतं. शेजारच्या बाई बघत होत्या. दिलं.

आता 'मग मी'. अमृतरावांच्या साठीच्या मांडवात जे हसले ते बहुतेक सगळे आपल्या त्या फॅमिली ग्रुपवर आहेत. रोज सकाळी फुलं पाठवतात, तू कधी बघत नाहीस. आज दुपारी मी तिथं लिहिलं. शब्द माझेच, बोटं मुक्ताची, कारण मला ती बारीक अक्षरं टिपता येत नाहीत:

"१९८४ साली रेणुकेला बघायला मंडळी आली तेव्हा तिचा चष्मा मी, सुहासनं, तिच्या नाकावरून काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. तिनं लपवला नाही. तिला विचारलंही नाही. एकेचाळीस वर्षं ती हा आरोप सोसते आहे. साठीच्या दिवशी मी खरं सांगायला हवं होतं. मी हसले. माझी चूक आहे, तिची नाही."

मुक्तानं विचारलं, "पाठवू?" मी उठून गॅस बंद आहे का बघून आले. मग म्हटलं, "पाठव."

तासभर कुणी फूलही टाकलं नाही. मग अमृतरावांचा फोन आला.

"ताई, अहो, मी तर गमतीनं म्हणायचो."

"तिला गंमत वाटत नव्हती."

"ती कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. शेवटी म्हणाले, "ती आत आहे. देऊ का फोन?" मी म्हटलं, "नको. तिला विचारा आधी, हवा का." ते विचारायला गेले. मी कान फोनला लावून उभी. परत येऊन म्हणाले, "नको म्हणते. लिहून पाठव म्हणते."

म्हणून हे लिहिलं.

ताई

---

लोणावळा, ९ नोव्हेंबर

प्रिय रेणू,

दिवाळी झाल्यावर लेन्स सुरू केले. पहिले चार दिवस सारिकानं रजा काढली आणि आम्ही दोघी हात धुऊन, टेबलावर टॉवेल पसरून, ऑपरेशनच्या खोलीतल्यासारख्या उभ्या. मुक्ता मध्ये खुर्चीवर, हुकूम सोडत. "आजी, श्वास घे. तू श्वास घेत नाहीस." आता ती स्वतःच घालते, मी फक्त डबी धरते आणि काढताना दोन्ही निघाले ना, ते मोजते.

सकाळी चष्म्याशिवाय उठते आणि आधी खिडकीतून समोरच्या बंगल्याची पाटी वाचते, चाचणी म्हणून. खो-खोत परत घेतलं तिला. पहिल्या दिवशी बाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, "मला चष्मा आहे, पण दिसत नाही. आणि डाव्या डोळ्यात एक पातळ जागा आहे. डोक्याला मार लागला तर लगेच घरी फोन करा." बाईंनी मला फोन करून विचारलं, हे खरं का. मी म्हटलं, पूर्ण खरं.

मला मात्र तिच्या त्या उघड्या चेहऱ्याची सवय होत नाही. छान दिसते, आणि तसं वाटलं की माझंच मला भय वाटतं. मग मी तिचं दप्तर उचलते, जड आहे का बघायच्या निमित्तानं, आणि आत लाल डबी खुळखुळते का ऐकते.

काल तुझी चिठ्ठी आली. या वेळी तीन शब्द होते: "येते. चष्मा लावूनच."

१७ तारखेच्या, सोमवारच्या गाडीची वेळ अमृतरावांनी कळवली. त्यांनी बरोबर येऊ का विचारलं, तर तू नको म्हणालीस, तेही कळलं. मी स्टेशनवर येईन, मुक्ताही हट्ट करून येणार आहे. तुला ओळखायची जबाबदारी तिची, ती म्हणते, कारण लांबचं आता तिलाच सगळ्यात चांगलं दिसतं.

आपल्या बाजूला यायला पूल चढावा लागतो. पायऱ्या किती आहेत ते मी परवा मोजायला लागले होते, तुला आधी कळवावं म्हणून. निम्म्यावर थांबले आणि खाली उतरून आले. तू काही मोजायचं नाहीस, रेणू. हात धर, आणि मी कुठं चुकले तर तिथंच पुलावर, सगळ्यांसमोर सांग.

तुझी,
ताई